राता भाताच्या दाण्यातला धागा

मी एक जुना धागा आहे. माझं वय वर्षांत सांगता येणार नाही, आणि मला पाहायचं म्हटलं तर साध्या भिंगातूनही मी दिसणार नाही. तरी तुम्ही मला अनेकदा मुठीत धरलं आहे. भाताचा एक दाणा सोलून बघा. त्याच्या एका टोकाला, कडेला, पांढुरका ठिपका असतो. तो दाण्याचा कोंब. त्या कोंबातल्या प्रत्येक पेशीत मी घट्ट गुंडाळून बसलेला असतो. शाळेच्या पुस्तकात मला डीएनए म्हणतात.

मित्रांनो, मी राता भाताचा धागा आहे. पेणहून खाडीकडे उतरत गेलं, की जिते गावाच्या पलीकडे खार जमिनी लागतात. समुद्राला बांध घालून मिळवलेल्या या जमिनी. इथल्या मातीत मीठ मुरलेलं आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी पापडी धरते. अशा मातीत लाल तांदळाचा राता पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला, कारण तिथे कसं जगायचं ते माझ्यात लिहिलेलं आहे.

लिहिलेलं म्हणजे खरोखरच लिहिलेलं. मी दोन पदरांचा आहे, पीळ दिलेल्या दोरीसारखा. माझ्यावर अक्षरं फक्त चार, पण ती कोट्यवधी वेळा, निरनिराळ्या क्रमाने येतात. त्या क्रमातून सूचना तयार होतात. किती उंच वाढायचं, फुलोरा कधी काढायचा, दाण्याला रंग कोणता द्यायचा. एका जागी लिहिलं आहे : मीठ आलं तर मुळाशीच अडव, जे आत घुसेल ते जुन्या पानांत कोंडून ठेव, कोवळ्या पानाला लागू देऊ नको.

ही सूचना कुणी विचार करून लिहिली नाही. फार पूर्वी माझी नक्कल होताना काही अक्षरं चुकली. अशा चुका होतात. बहुतेक चुका त्या रोपाबरोबर मरून जातात. ही चूक मात्र खाऱ्या चिखलात जगून निघाली, आणि पुढच्या प्रत्येक नकलेत उतरत गेली. माझी सगळ्यात मोठी दौलत ही अशी चुकून हाती आलेली आहे.

माझी माणसं म्हणजे शकूकाकीचं घर. नवऱ्यामागे तिने शेत एकटीने केलं. दर वर्षी कापणीआधी ती शेतात फिरून भरदार लोंब्या निवडायची, दाणे वाळवायची आणि पेंढ्यात गुंडाळून त्यांचा गोल मुडा बांधायची. मुडा चुलीच्या वर टांगलेला असे. धुराने कीड लागत नसे. मी तिथे कोरडा, निवांत झोपून राहायचो. पाऊस आला की ती मला उठवायची. त्या घरात माझं कौतुक होतं. पाहुण्यांना लाल भात वाढताना काकी म्हणायची, "खाऱ्यातला हाय, पण चव बघा."

मग तिचा मुलगा नितेश रोह्याच्या एका कंपनीत लागला. हाताशी वेळ कमी, म्हणून त्याने दुकानातलं बियाणं आणलं. ते जोमाने वाढायचं, लवकर तयार व्हायचं, आणि पांढऱ्या तांदळाला गिऱ्हाईकही पटकन मिळायचं. नितेशचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बांध धड होता, पाऊस माती धुऊन काढत होता, कुणालाच माझी गरज नव्हती. गावातल्या इतरांनीही हळूहळू राता सोडला. काकीने शेवटचा मुडा शेजारच्या मलिकाला दिला. "लाल तांदूळ बाळंतिणीला चांगला. अरीबाच्या वेळेला होईल," ती म्हणाली. अरीबा ही मलिकाची लेक, रोह्याला दिलेली.

मलिकाच्या स्वयंपाकघरात मी दोन पावसाळे टांगून राहिलो. मित्रांनो, झोपलेला धागाही झिजतो. दमट हवा दाण्यात शिरते, माझे पदर कुठे तुटतात, कुठे अक्षर खराब होतं. कोरड्या दाण्यात दुरुस्ती करता येत नाही. तिला पाणी लागतं. नुसतं सोसत राहायचं. गावात राताचा दुसरा दाणा उरला नव्हता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

यंदा आषाढाच्या अवसेला उधाण आलं. भर दुपारी, भरती चढत असताना, मागून वारा लागला आणि बाहेरच्या बांधाला खांड पडली. आधी हातभर, मग बैलगाडी जाईल एवढी. खाडीचं पाणी शेतांत घुसलं. रोपं वीतभर झाली होती. ओहोटी लागेपर्यंत ती पाण्याखाली होती, आणि खांड उघडीच असल्यामुळे पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी सगळी रोपं सडक्या गवतासारखी लोळली होती.

शकूकाकी बांधावर उभी राहून ते पाहत होती. शेजारी मलिकाचा नवरा नासिर होता. बरीच वर्षं कुवेतला काढून तो कायमचा परत आला होता आणि त्याचंही शेत त्याच पाण्यात होतं.

"खांड बांधू आपण," नासिर म्हणाला. "आता भांग लागेल, भरतीचा जोर ओसरेल. पण पेरायचं काय? दुकानातलं या मातीत जगायचं नाय."

काकी पटकन वळली. "नासिर, तो मुडा तुमच्या घरात हाय ना रे? लाल भाताचा?"

नासिर थबकला. "मलिका उधाणाच्या आदल्या दिवशीच रोह्याला गेली, तेव्हा सोबत नेला. अरीबा बाळंत झाली ना."

काकीने तिथूनच फोन लावला. वारा इतका, की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"मलिका, तो मुडा कुठं हाय गो?"

"सकाळीच सोडला नि गिरणीत टाकला. अरीबाला पेज करायची हाय. का गो?"

"भरडून झाला?"

"नाय अजून. लाइट गेलीय सकाळपासून. गिरणवाला बोलला, लाइट आली की लावतो."

"मलिका, तेवढंच बी उरलंय गो! सगळी रोपं गेली आपली. तुझी नि माझी. नितेशला लावते, पण कंपनीत फोन आत नेऊ देत नाय—"

तेवढ्यात पलीकडे पंख्याची घरघर सुरू झाली. मग मलिका म्हणाली, "लाइट आली गो."

त्या वेळी मी गिरणीत, गोणीच्या तळाशी होतो. पट्टा हलला, यंत्र घरघरू लागलं. गिरणवाल्याने गोणी उचलली आणि तोंड उघडून वरच्या चाड्यात ओतायला सुरुवात केली. माझ्या वरचे दाणे सरसरत खाली गेले. यंत्रात काय होतं ते सांगतो. रबराच्या दोन रुळांत दाणा सापडतो आणि तूस उडतं. मग तांदूळ घासला जातो, आणि घासताना तो पांढुरका ठिपका निखळतो. कोंब गेला की आम्हीही गेलो. मागे उरतो तो तांदूळ. तो पोट भरतो, पण पुन्हा कधी उगवत नाही. ज्या दाण्यांनी माझ्याबरोबर दोन पावसाळे काढले होते, त्यांच्यातल्या धाग्यांचा कोंडा होताना मी ऐकत होतो. गोणी आणखी कलली. माझ्या भोवतीचे दाणे सरकू लागले.

"भाऊ, थांबव! बंद कर!"

दारात मलिका होती. पावसात भिजलेली, पायात चप्पल नाही. यंत्राच्या आवाजात गिरणवाल्याला काही कळलं नाही. तिने पुढे होऊन गोणीच धरली आणि सगळ्या जोराने मागे ओढली. गोणी जमिनीवर आदळली. काही दाणे पसरले. गिरणवाल्याने चिडून बटण बंद केलं.

"बाई, काय करता? हात गेला असता यंत्रात!"

"बियानं हाय ते."

"मग गिरणीत कशाला आणलंत?"

"आणलं तेव्हा खायचंच होतं," मलिका धापा टाकत म्हणाली. "आता पेरायचं झालं."

ती खाली बसून एकेक दाणा वेचू लागली. गिरणवाला थोडा वेळ बघत राहिला, मग तोही खाली बसला. अर्ध्याहून जास्त भात भरडला गेला होता. तो तांदूळ मलिकाने पदरात घेतला, कारण लेकीला पेज तर हवीच होती. उरलेला भात, जेमतेम दोन पायली, तिने कोरड्या पिशवीत बांधला.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर नितेश अरीबाच्या घरी आला. आईचा निरोप त्याला कंपनीच्या फाटकावरच मिळाला होता.

"चाची, दोन वर्षांचं बी हाय. रुजेल असं वाटतं तुला?"

"मला काय इचारतोस? तुझ्या आईने वाळवलंय ते, तिला इचार. पण भिजवू नको वाटेत."

त्याने अंगातला रेनकोट काढून पिशवीला गुंडाळला आणि स्वतः भिजत स्टेशन गाठलं. जित्याला उतरून घरी येईपर्यंत त्याचे दात वाजत होते. पिशवी कोरडी होती.

पुढचे दिवस गावाने खांड बांधण्यात घालवले. बांबू, माती भरलेल्या गोण्या, पेंढा आणि चिखल. भांगामुळे पाणी दूर होतं आणि पावसाने शेतातलं मीठ थोडंफार धुतलं. पण माती जिभेला लावली की अजून खारट लागायची. नितेश हे करून बघायचा आणि थुंकायचा.

"आई, मी दुकानातून पिशवी आणतो परत," तो म्हणाला. "दोन पायलीत काय होणार? नि त्यातलंही रुजलं नाय तर हंगाम गेला."

"आण नि पेर तुझ्या बाजूच्या वाफ्यात. मी नको बोलत नाय. हे मी खालच्या खाचरात टाकते."

"खालचं तर सगळ्यात खारं हाय!"

"म्हणूनच."

तिने भात पाण्यात ओतला. पोकळ दाणे वर तरंगले, ते काढून टाकले. मी तळाशी बसलो. मग ओल्या गोणपाटात बांधून तिने वर दगड ठेवला. बाहेरून ते एक ओलं गाठोडं होतं. आत काय चाललं होतं ते फक्त मी सांगू शकतो.

पाणी कोंबापर्यंत पोचलं आणि मी जागा झालो. पहिलं काम नक्कल करण्याचं नव्हतंच. तुटक्या धाग्यावरून नक्कल केली तर तुटकीच नक्कल निघते. पेशीतले दुरुस्ती करणारे रेणू माझ्या अंगावरून सरकत गेले. एका पदरावर अक्षर खराब झालं असेल, तर समोरच्या पदरावर त्याचा जोडीदार पाहून ते नीट करायचे. माझी चार अक्षरं ठरलेल्या जोड्यांतच बसतात. एक माहीत असलं की दुसरं कळतं. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले असतील तर? काही दाण्यांत तसं झालं होतं. त्यांच्या दुरुस्तीला वेळ पुरला नाही. ते मऊ पडले, आंबले. गाठोड्याला वास येऊ लागला.

"सडलं वाटतं," नितेश म्हणाला.

"हात नको लावू," काकी म्हणाली. तिने वरचा दगड पुन्हा नीट बसवला.

माझी दुरुस्ती पूर्ण झाली आणि पुढचं काम सुरू झालं. माझा पीळ उलगडू लागला. दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले. धाग्यासाठी यापेक्षा मोठा धोका नाही. सुटा पदर कुठेही तुटू शकतो. प्रत्येक जुन्या पदरासमोर नवी अक्षरं येऊन बसू लागली, प्रत्येक जण आपल्या जोडीदारासमोर. चुकीचं अक्षर बसलं की ते तिथल्या तिथे उपटून टाकलं जाई आणि योग्य ते बसवलं जाई. एका धाग्याचे दोन झाले. दोघांतही एक पदर जुना, एक नवा. मग पेशीच्याही दोन झाल्या, आणि दोघींना एकेक धागा मिळाला. मी एकाच वेळी इतका म्हातारा आणि इतका ताजा असतो, तो असा.

काकीने गाठोडं सोडलं तेव्हा निम्म्यापेक्षा थोड्या जास्त दाण्यांना मोड आले होते. नितेश पुढे आला. त्याने वाकून एक दाणा तळहातावर घेतला आणि बराच वेळ त्या पांढऱ्या टोकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चल, टाकून घेऊ."

मोड आलेलं बी सरळ चिखलात फेकायचं, याला इथे रहू म्हणतात. आम्ही खालच्या खाचरात पडलो. दुकानातलं बियाणं वरच्या वाफ्यात पडलं. आठवडाभरात दोन्हीकडे बोटभर हिरवं दिसू लागलं. आणि पौर्णिमा आली.

पुन्हा भर दुपारची भरती. अख्खं गाव बांधावर होतं. नितेशने शिफ्ट बुडवली होती. बांधून काढलेल्या खांडीवर पाणी धडकत होतं, आणि लोक गोण्या रचत होते. खांड टिकली. पण उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या दाराची, जुनी फळी पाण्याच्या दाबाने फुटली.

"नितेश, खालून येतंय!" नासिर ओरडला.

दोघे उघाडीच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उतरले. काकी वरून गोण्या देत होती. एक गोणी प्रवाहाने ओढून नेली. दुसरी नासिरच्या हातातून निसटली, तिच्यामागे तोही घसरला, तेव्हा नितेशने त्याचा सदरा धरून त्याला ओढलं. शेवटी नितेश पाठ लावून भोकासमोर उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही अंगांनी नासिरने गोण्या ठासल्या. पाणी थांबलं, पण तोवर शेतं घोटाभर भरली होती. बोटभर रोपांना ते डोक्यावरून होतं.

ओहोटीला पाणी सोडून दिलं. आणि नेमका त्यानंतर पाऊस दडी मारून बसला. ऊन पडलं. मातीवर मिठाची पापडी दिसू लागली. वरच्या वाफ्यातली रोपं टोकांपासून करपत गेली, आणि गेलीच. खालच्या खाचरातही पानं पिवळी पडली. काकी सकाळी येऊन बांधावर बसायची. नितेश कंपनीतून सुटल्यावर फोन करून विचारायचा, "कसं हाय?" ती म्हणायची, "हाय अजून."

मित्रांनो, मी एकटा मीठ अडवू शकत नाही. मी फक्त लेख आहे. पण मुळांतल्या पेशींनी माझी ती जुनी सूचना उघडली. तिची छोटी प्रत निघाली, प्रतीवरून मीठ मागे ढकलणारी चिमुकली दारं तयार झाली, आणि ती मुळांच्या भिंतींत जाऊन बसली. तरी मीठ आत आलं. ते जुन्या पानांत कोंडलं. ती पानं पिवळी पडली, वाळली, मेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, रोप मरतंय. आत मधलं कोवळं पान अजून हिरवं होतं. बरीच रोपं तरीही हरली. माझ्यात लिहिलं होतं ते त्यांच्यातही होतं. पण तशी सूचना असूनही कधी कधी पाणी जिंकतं.

पाऊस पुन्हा सुरू झाला तेव्हा काकी खाचरात उतरली. तिने एका रोपाचं वाळकं पान बाजूला केलं. आतून नवं पान वर येत होतं.

"मलिका!" तिने हाक मारली. मलिका त्याच दिवशी रोह्याहून आली होती आणि बांधावरून येत होती. "ये गो, बघ."

दोघी चिखलात वाकून एकेक रोप बघत गेल्या. मध्येच मलिका डोळे पुसू लागली तेव्हा काकी म्हणाली, "रडू नको गो, खारं पाणी पुरे झालं," आणि मग त्या दोघीही हसल्या.

दिवाळीनंतर त्या खाचरात लाल लोंब्या वाकल्या. पीक फार नव्हतं. घरचं वर्ष त्यावर निघणार नव्हतं, नितेशचा पगार होता म्हणून निभावलं. पण काकीने त्यातला दाणाही शिजवला नाही. गावात ज्याने मागितलं त्याला तिने ओंजळभर बी दिलं आणि प्रत्येकाला एकच अट घातली : "एका कोपऱ्यात का होईना, पण दर वर्षी पेरायचं." नितेशने स्वतः खालचं अख्खं खाचर रातासाठी राखून ठेवलं. वरच्या वाफ्यात तो अजून दुकानातलंच पेरणार आहे, आणि ते मला मान्य आहे.

मित्रांनो, माझी भीती मात्र गेलेली नाही. खाडीचं पाणी दर वर्षी थोडं वर चढतं आहे, असं बांधावरची माणसं बोलतात. माझ्यात लिहिलेली सूचना पुढच्या उधाणाला पुरेल का? मला माहीत नाही. तिच्यापेक्षा चांगली सूचना अजून माझ्यात उतरलेली नाही. ती जर कधी मिळाली, तर हजारो शेतांत, लाखो नकलांत, कुठल्यातरी एका रोपात मिळेल. एखाद्या चुकलेल्या अक्षरातून. त्यासाठी मला शेतात असायला हवं. म्हणून सांगतो, तुमच्या घरात, गावात एखादं जुनं बी असेल, तांदळाचं, वालाचं, नाचणीचं, तर त्याला आठवण म्हणून बरणीत कोंडू नका. त्याला माती द्या, पाणी द्या, आणि यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी नक्की द्या. फार वर्षं मात्र थांबवू नका. धागा अंधारात वाट पाहतो, पण त्याला कायमची वाट पाहता येत नाही.